मीटरवर 24 टक्के, घरात गॅस नाही: एका घरगुती प्रोपेन टाकीचं प्रकरण

कडाक्याच्या थंडीतली रात्र. वादळामुळे संध्याकाळीच वीज गेलेली, घराचा जनरेटर आपोआप सुरू झालेला. पहाटे आधी बॉयलर बंद पडला, मग आचके देत जनरेटरही थांबला. घरमालकाने मोबाइल पाहिला. टाकीवर बसवलेल्या मॉनिटरचा ताजा आकडा होता 24 टक्के. इशारा 20 टक्क्यांवर लावलेला होता, म्हणून तो वाजलाच नव्हता. टॉर्च घेऊन ते टाकीपाशी गेले, झाकण उघडून डायल पाहिली. तिथेही 24. म्हणजे सेन्सर खरं सांगत होता, टाकीत गॅस होता आणि घरात तो येत नव्हता.

हे प्रकरण माझ्याकडे नंतर तपासणीसाठी आलं, तेव्हा नोंदी, फोटो आणि तंत्रज्ञाचा अहवाल असं बरंच काही हाताशी होतं. पुरवठादाराच्या माणसाने पहिल्याच दिवशी निदान करून टाकलं होतं: "रेग्युलेटर गोठला." निदान चुकीचं होतं. पण त्याहून गंभीर गोष्ट त्याच दिवशी दुपारी घडली होती आणि तिच्याकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं. तिच्याकडे नंतर येतो.

टाकी जमिनीवरची, आडवी, सुमारे 1900 लिटरची. घरगुती वापरात हा आकार अगदी सर्रास दिसतो. तिच्यावर चार उपकरणं: घर तापवणारा बॉयलर, पाण्याचा हीटर, स्वयंपाकघरातली जुनी शेगडी आणि दोन वर्षांपूर्वी जोडलेला जनरेटर. जनरेटर बसवणाऱ्याने विजेचा भार मोजला, पाइपची जाडी तपासली. टाकीला हा भार झेपेल का, हे मात्र कुणी विचारलं नाही. टाकी मोठी दिसते, तिच्यात शेकडो लिटर द्रव असतो, मग झेपणारच, असं सगळे गृहीत धरून चालले.

इथे प्रोपेनचा स्वभाव समजून घ्यायला हवा. टाकीत तो द्रव असतो, घरात येते ती त्याची वाफ. प्रोपेन उणे 42 अंश सेल्सियसला उकळतो. त्यावरच्या कुठल्याही तापमानाला तो बंद टाकीत स्वतःच्या वाफेचा दाब तयार करतो. 20 अंशांना हा दाब सात बारच्या थोडा वर असतो (बार हे दाबाचं एकक, एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा), शून्याला पावणेचारच्या आसपास, उणे 20 ला जेमतेम 1.4. (हे सगळे आकडे हवेच्या दाबाच्या वरचे, म्हणजे गेजवर दिसतील तसे.) टाकीत द्रव 80 टक्के असो की 10 टक्के, तापमान तेच असेल तर दाबही तोच. म्हणून दाबाचं गेज पाहून साठा कळत नाही आणि साठ्याचं गेज पाहून दाब कळत नाही. या घरात मॉनिटर होता तो फक्त साठ्याचा.

वाफ व्हायला उष्णता लागते. एक किलो प्रोपेनची वाफ व्हायला त्या थंडीत साधारण 400 किलोज्यूल. ही उष्णता येते बाहेरच्या हवेतून, पोलादी भिंतीतून, आणि तीही भिंतीचा जेवढा भाग आतून द्रवाने भिजलेला आहे तेवढ्यातूनच. द्रवाच्या वरच्या कोरड्या भिंतीचा फारसा उपयोग नाही. बाहेरून येणारी उष्णता अपुरी पडली की द्रव स्वतःचीच उष्णता खर्च करतो, थंड होत जातो, आणि तो थंड झाला की दाब पडतो.

आता त्या रात्रीचा हिशेब. तापमान उतरत उतरत उणे 22 ला गेलेलं. बॉयलर जवळजवळ अखंड चालू, त्याचा भार 35 किलोवॅट. जनरेटर त्या रात्री जेवढी वीज देत होता तेवढ्यासाठी त्याला सुमारे 40 किलोवॅटचं इंधन लागत होतं. दोन्ही मिळून ताशी सहा किलोच्या आसपास प्रोपेन. एवढ्या द्रवाची वाफ करायला टाकीला सतत 600 वॅटहून थोडी जास्त उष्णता हवी. ऐकायला हे फार वाटत नाही. पण ती उणे 22 अंशांच्या हवेतून ओढून घ्यायची आहे, आणि भिजलेली भिंत उरली आहे सव्वातीन चौरस मीटरच्या आतबाहेर. टाकी 80 टक्के भरलेली असती तर हीच भिंत सहा चौरस मीटरच्या जवळ गेली असती. जाडसर गणित केलं तर अशा थंडीत, एवढ्या कमी साठ्यावर ही टाकी सलग 40 किलोवॅटच्या आसपास भार पेलू शकते. तिच्याकडून जवळजवळ दुप्पट मागितलं जात होतं.

मग टाकी सात-आठ तास तरी कशी चालली? द्रवाने स्वतःची ऊब खर्च केली म्हणून. अडीचशे-पावणेतीनशे किलो द्रव एकदम थंड होत नाही. तासातासाने तो उतरत गेला, आणि उणे 31 च्या आसपास टाकीतला दाब 0.6 बारवर आला. टाकीवरचा पहिला रेग्युलेटर 0.7 बारला लावलेला. त्याच्या मागेच तेवढा दाब उरला नाही, तेव्हा पुढे तो काय देणार? घराच्या भिंतीवरचा दुसरा रेग्युलेटर हा दाब उपकरणांना लागतो तेवढा, म्हणजे देशानुसार साधारण 28 ते 50 मिलिबारपर्यंत उतरवतो. तिथवर पुरेशी वाफ पोहोचेना, आणि बॉयलरच्या सुरक्षा यंत्रणेने त्याला बंद केलं. यंत्रणेने आपलं काम चोख केलं होतं.

याचा पुरावा घरमालकाने नकळत टिपून ठेवला होता. पहाटे टॉर्चच्या उजेडात काढलेल्या एका फोटोत टाकीच्या खालच्या साधारण तिसऱ्या भागावर हिमाचा पांढरा थर दिसतो, वरचा भाग स्वच्छ. आडव्या टाकीत 24 टक्के द्रव असेल तर त्याची उंची व्यासाच्या तीस टक्क्यांच्या जवळ येते. म्हणजे हिमाची रेषा नेमकी द्रवाच्या पातळीवर होती. द्रव भोवतीच्या हवेपेक्षा थंड झाल्याशिवाय अशी रेषा उमटत नाही. रेग्युलेटर गोठला असता तर वापर थांबला असता, द्रव हवेच्या तापमानाला परतला असता आणि ही रेषा इतकी ठसठशीत राहिली नसती.

रेग्युलेटर गोठतोच नाही असं नव्हे. प्रोपेनमध्ये पाण्याचा अंश असेल तर रेग्युलेटरच्या बारीक छिद्रात तो गोठतो. बाहेरून बर्फ साचून त्याचा श्वासमार्ग, म्हणजे व्हेंट, बंद होऊ शकतो. दोन्ही खऱ्या शक्यता आहेत. फरक ओळखायचा मार्ग सोपा आहे आणि तो आधी वापरायला हवा होता: एक दाबमापक रेग्युलेटरच्या आधी लावा, एक नंतर, आणि सगळी उपकरणं चालू करा. मागचा दाब भक्कम आणि पुढचा पडतोय, तर दोष रेग्युलेटरचा किंवा पाइपचा. मागचाच हळूहळू पडतोय, तर टाकी वाफ पुरवू शकत नाही. आठवड्याने तंत्रज्ञाने जनरेटर आणि बॉयलर एकत्र चालवून हे केलं. रेग्युलेटर नवा होता, तरी मागचा दाब तासागणिक उतरत गेला. नवा रेग्युलेटर बसवणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही, कारण जुन्यावरच्या उत्पादनाच्या ठशानुसार तो 20 वर्षांपेक्षा जुना होता आणि बदलायला झालाच होता. फक्त त्या रात्रीचा आरोपी तो नव्हता.

दुपार

सकाळी घरात एक चर्चा झाली, ती अहवालात नाही, घरमालकांच्या बोलण्यातून कळली. त्यांचे सासरे म्हणाले, "अहो, टाकीवर गरम पाणी ओता, नाहीतर खाली हीटर ठेवा." दोन्ही केलं नाही हे उत्तम. उणे 22 मध्ये ओतलेलं पाणी व्हॉल्व्ह आणि व्हेंटवर गोठून बसतं आणि नवाच घोटाळा होतो. टाकीखाली उष्णता देणं हा तर थेट स्फोटाला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे. बर्फ साचलाच असेल तर तो झाडूने हलक्या हाताने काढायचा, फावड्याने नाही.

पण त्याआधी, पहाटेच्या गडबडीत, गॅसचा दाब पडतो आहे हे अजून कळायचं असताना, कुणीतरी पाणी तापवायला शेगडीची एक कळ फिरवली होती. ज्योत लहान झाली, विझली, आणि कळ उघडीच राहिली. जुनी शेगडी; ज्योत विझल्यावर गॅस तोडणारी सोय तिच्यात नव्हती.

सगळी उपकरणं बंद पडल्यावर टाकीवरचा भार शून्य झाला. दुपारपर्यंत ऊन आलं, हवा दहाएक अंशांनी चढली, द्रव थोडा तापला, दाब परत दीड बारच्या आसपास पोहोचला. कुणी काहीही दुरुस्त न करता गॅस आपसूक परत आला, आणि उघड्या कळीतून न जळता स्वयंपाकघरात पसरू लागला.

सासरे सकाळपासून घरातच होते. त्यांना वास आला नाही. बाहेरून आलेल्या घरमालकांच्या मुलीला आला, तोही तळघराच्या जिन्यात. यात आश्चर्य काही नाही. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. इथाइल मरकॅप्टन मिसळून त्याला तो उग्र वास दिलेला असतो, आणि हळूहळू वाढणाऱ्या वासाला नाक सरावतं. शिवाय प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट जड. ती जमिनीलगत वाहते आणि उतार मिळेल तिकडे जाते. जिना म्हणजे तिच्यासाठी ओढ्याचं पात्रच.

"बाबा, दिवा लावू नका, बाहेर चला," असं ओरडत मुलीने सगळ्यांना बाहेर काढलं. बाहेर पडल्यावर टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून बंद केला आणि फोन शेजाऱ्यांच्या घरून केला. स्विच चालू करायचा नाही, तसा बंदही करायचा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. हे तिला माहीत होतं म्हणून हे प्रकरण मी इतक्या निवांतपणे लिहू शकतो आहे.

या सगळ्या प्रकरणात माझ्या मते खरा धोक्याचा क्षण हाच होता: गॅस गेला तो नाही, गॅस परत आला तो. पुरवठा कुठल्याही कारणाने तुटला, मग टाकी रिकामी झाली असो, दाब पडला असो की व्हॉल्व्ह बंद केला असो, तर पहिलं काम म्हणजे टाकीचा व्हॉल्व्ह बंद करणं आणि प्रत्येक उपकरणाची कळ हाताने तपासणं. गळतीची चाचणी करून उपकरणं पेटवून द्यायला तंत्रज्ञ येईपर्यंत तो उघडायचा नाही. टाकी पूर्ण रिकामी होऊन उघडी राहिली, तर आणखी एक गोष्ट घडते. आत हवा आणि दमटपणा शिरतो, पोलाद गंजतं, आणि तो गंज मरकॅप्टनचं रूपांतर करून वास फिका पाडतो. म्हणजे पुढच्या भरणीनंतर गळती झाली तर नाकालाही कळायचं नाही. जमिनीखालच्या पाइपमधून गळणाऱ्या गॅसचा वास मातीही शोषून घेऊ शकते. म्हणून नाकाच्या जोडीला गॅस डिटेक्टर हवा, तोही छताजवळ नाही, जमिनीपासून वीतभर-दोन वीत उंचीवर. या घरात डिटेक्टर होता, पण कार्बन मोनॉक्साइडचा. तोही हवाच, पण तो वेगळ्या धोक्यासाठी. प्रोपेन गळला तर तो गप्प बसणार.

मॉनिटर काय पाहतो

घरमालकांचा मुख्य राग मॉनिटरवर होता. "एवढा सेन्सर लावला, त्याने काही सांगितलंच नाही." मला हा राग थोडा अन्यायाचा वाटतो. टाकीच्या आत एक तरंगणारा फ्लोट असतो. तो वर-खाली झाला की दांड्यावरून एक चुंबक फिरतो, आणि धातूच्या भिंतीपलीकडे डायलमधला दुसरा चुंबक त्याच्यासोबत वळतो. सेन्सर या डायलवर बसतो, चुंबकाचा कोन वाचतो आणि दिवसातून ठरावीक वेळा आकडा पाठवतो. टाकीच्या आत त्याचं काही नसतं. फ्लोट अडकला तर तोही अडकलेलाच आकडा पाठवत राहील. म्हणून भरणीच्या दिवशी पावतीवरचे लिटर आणि डायलवरची वाढ जुळते का, एवढं तरी पाहावं.

आकड्याच्या चढउताराचंही तसंच. द्रव प्रोपेन तापमानाने बराच फुगतो: शून्यावरून 30 अंशांपर्यंत जाताना सुमारे 9 टक्के. टाकी 80 टक्क्यांपर्यंतच भरतात ती या फुगण्याला जागा राहावी म्हणून. जास्त भरलेली टाकी कडक उन्हात तापली तर सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून गॅस बाहेर सोडतो. घरगुती टाक्यांत तो बहुधा 17 बारच्या आसपास लावलेला असतो, आणि म्हणूनच झाकणात डोकं घालून वाकून पाहायचं नसतं. याच फुगण्यामुळे उन्हाळ्यात दुपारी डायल वर सरकते, पहाटे खाली येते, गॅस तेवढाच. या घराच्या वर्षभराच्या नोंदी पाहताना मी फक्त पहाटेचे आकडे घेतले आणि साधारण सारख्याच तापमानाचे दिवस एकमेकांशी ताडून पाहिले. मगच वापराची खरी रेषा दिसली. त्या रात्रीची घसरण तिच्यात उठून दिसते: संध्याकाळी 30, पहाटे 24. एरवी एवढा गॅस जायला कित्येक दिवस लागत. इशारा पातळीऐवजी घसरणीच्या वेगावर लावला असता, तर तो मध्यरात्रीच वाजला असता.

तरीही मॉनिटरला सुरक्षेचं उपकरण म्हणून विकणं मला पटत नाही. या टाकीचा 1 टक्का म्हणजे 19 लिटर द्रव. द्रव प्रोपेनची वाफ झाली की त्याचं आकारमान सुमारे 270 पट होतं, म्हणजे 19 लिटरचे पाच घनमीटर. हवेत प्रोपेनचं प्रमाण 2.1 टक्के झालं की मिश्रण पेटू शकतं. पाच घनमीटर वाफ जवळजवळ 240 घनमीटर हवा त्या पातळीला नेऊ शकते. हे एका मध्यम घराच्या सगळ्या खोल्यांचं मिळून आकारमान झालं. डायलचा काटा एक टक्का खाली सरकण्याआधीच घर धोक्यात असू शकतं. शेगडीच्या त्या दुपारच्या गळतीची मॉनिटरच्या नोंदीत खूणसुद्धा नाही.

तपासणीत एक जुनी गळती मात्र सापडली, तीही साबणाच्या पाण्याने. टाकीच्या मुख्य व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती बारीक बुडबुडे येत होते. पॅकिंग, म्हणजे दांड्याभोवतीचं गळती रोखणारं सील, सैल झालं होतं. फेस चांगला होणारं सौम्य द्रावण घ्यायचं, अमोनिया किंवा क्लोरीन असलेलं नाही, कारण ते पितळेचे भाग खातं. बुडबुडे शोधणं घरच्या कुणालाही जमतं. नट आवळणं मात्र तंत्रज्ञाचं काम, आणि तेवढ्याने गळती थांबलीही. रेग्युलेटरच्या व्हेंटवरची जाळी नाहीशी झाली होती आणि आत एका किड्याने मातीचं घर बांधायला घेतलं होतं. नवा रेग्युलेटर बसवताना व्हेंटचं तोंड खाली आणि जाळी जागेवर, एवढं घरमालकांनी स्वतः उभं राहून पाहिलं. टाकीचा रंग फिका आणि शाबूत होता, पायाशी गंज नव्हता, दहा पावलांत वाळलेलं गवत किंवा लाकडाची रास नव्हती. या बाबतीत घर नीटनेटकं होतं.

बदल काय केले? दुसरी टाकी बसवून भिजणारी भिंत वाढवावी, असं पुरवठादाराने सुचवलं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण आधी स्वस्त उपाय करून पाहावेत, असं मी म्हटलं. टाकी 80 टक्के भरलेली असेल तर तिची सलग क्षमता त्याच थंडीत 70 किलोवॅटच्या पुढे जाते, आणि द्रव तिपटीहून जास्त असल्यामुळे तो थंडही फार हळू होतो. म्हणून थंडी सुरू होण्याआधी भरणी आणि हिवाळाभर साठा निम्म्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असं ठरलं. निम्म्यावर मात्र नुसता साठा पुरत नाही, म्हणून जनरेटरवरून गरजेची नसलेली उपकरणं काढली. त्याचा भार जवळजवळ अर्ध्यावर आला. पहिल्या रेग्युलेटरच्या आधी दाबाचा सेन्सर बसवला, तो 0.9 बारला इशारा देतो. स्वयंपाकघरात आणि तळघरात जमिनीलगत गॅस डिटेक्टर लागले. जुनी शेगडी गेली. नवीत ज्योत विझली की गॅस तुटतो.

पुढच्या हिवाळ्यात पारा पुन्हा उणे 20 ला गेला. टाकीत 60 टक्के साठा होता, बॉयलर रात्रभर चालला, आणि पहाटेचा दाब 1 बारच्या खाली आला नाही. वीज मात्र त्या रात्री गेली नाही, त्यामुळे जनरेटरसह पूर्ण भाराची परीक्षा अजून झालेली नाही, आणि दुसऱ्या टाकीचा प्रस्ताव घरमालकांनी तोवर बाजूला ठेवला आहे.